एका चिनी अक्षराची यात्रा : 'फो', 'बुत्सु', 'बुल' आणि आपला 'बुद्ध'

बीजिंगमधील एखाद्या विहाराच्या प्रवेशद्वारावर सात रेघांचे एक अक्षर हमखास दिसते. तेथील भाविक ते 'फो' असे वाचतो. हेच अक्षर हाँगकाँगच्या माणसापुढे ठेवले तर तो 'फत' म्हणेल. तैवानमधील वृद्ध गृहस्थ 'हुत' किंवा 'पुत' म्हणतील, सोलमध्ये त्याचे 'बुल' होईल, जपानच्या नारा शहरात 'बुत्सु' आणि हनोईत पुन्हा 'फत', पण निराळ्या सुरात. अर्थ मात्र सर्वत्र एकच आहे : बुद्ध.

कपिलवस्तूच्या राजपुत्राला ज्या शब्दाने आपण अडीच हजार वर्षे ओळखतो, त्याची पूर्वेकडे गेल्यावर अशी दशा का व्हावी, असा प्रश्न मराठी वाचकाला पडणे स्वाभाविक आहे. 'बुद्ध'मधला 'ब' कोठे गेला, 'द्ध' कोठे गेला? चिनी माणसाला आपले उच्चार जमत नाहीत, असे एक सोपे उत्तर आपल्याकडे ठरलेले असते. ते या बाबतीत साफ चुकीचे आहे. ज्या काळी हा शब्द चीनमध्ये पोहोचला, त्या काळी तो तेथे बऱ्यापैकी शुद्धच ऐकला गेला आणि तसाच लिहिलाही गेला. बदलली ती नंतरची चिनी भाषा. अक्षर जागचे हलले नाही, त्याखालचा उच्चार हळूहळू सरकत गेला.

प्रथम या अक्षराची ठेवण पाहू. चिनी अक्षर म्हणजे चित्र, असा आपला समज असतो; पण बहुसंख्य चिनी अक्षरे निव्वळ चित्रे नाहीत. त्यांचा एक भाग अर्थाची दिशा दाखवतो आणि दुसरा भाग उच्चाराची. आपल्या अक्षरातही डावीकडे दोन रेघांत उभा केलेला 'माणूस' आहे आणि उजवीकडे पाच रेघांचा, आज 'फु' असा वाचला जाणारा घटक आहे. हा उजवा भाग स्वतंत्रपणे आला तर त्याचा अर्थ 'नाही' असा होतो. प्राचीन अस्थिलेखांत त्याचे रूप दोन काटक्या दोरीने एकत्र बांधल्यासारखे दिसते. गंमत अशी, की हा घटक अमेरिकी डॉलरच्या चिन्हासारखा दिसत असल्याने जपानमध्ये एके काळी 'डॉलर' लिहिण्यासाठीही तो वापरला जाई.

माणूस आणि नकार ही जोडी पाहून काही जण 'जो माणूस नाही, माणसापलीकडचा आहे तो बुद्ध' असा अर्थ लावतात. विरोधकांनी त्यातूनच 'अमानुष' असा उलट अर्थही काढला. दोन्ही अर्थ ओढूनताणून लावलेले आहेत. उजवा भाग येथे केवळ आवाजासाठी आला आहे. इतकेच काय, हे अक्षर बुद्धासाठी घडवलेलेही नाही. श्यू शन या कोशकाराने इसवी सन १००च्या सुमारास सिद्ध केलेल्या पहिल्या मोठ्या चिनी अक्षरकोशात ते आहे आणि तेथे त्याचा अर्थ 'स्पष्ट न दिसणे' असा दिला आहे. आजही 'जणू काही' या अर्थाच्या 'फांगफु' या चिनी शब्दात तेच अक्षर त्याच जुन्या अर्थाच्या छायेत वावरते. धूसरतेसाठी असलेले अक्षर पुढे जागृत पुरुषाच्या नावासाठी रूढ झाले, ते केवळ आवाज जुळला म्हणून.

पहिले नाव वेगळेच

चीनच्या दरबारी नोंदींत बुद्धाचे नाव येते ते इसवी सन ६५ मध्ये. हान वंशाचा सम्राट मिंग याने छू प्रांताचा राजपुत्र यिंग याला पाठविलेल्या आज्ञापत्रात, राजपुत्र 'फूथू'ची पूजा करतो, असा उल्लेख आहे. हे 'फूथू' म्हणजेच 'बुद्ध'. मात्र ते दोन वेगळ्याच अक्षरांनी लिहिलेले होते. त्यांतील दुसऱ्या अक्षराचा अर्थ 'कत्तल करणे'. परदेशी शब्द लिहिताना चिनी लेखकाला तयार अक्षरांतूनच निवड करावी लागते आणि प्रत्येक अक्षर आपला अर्थ घेऊनच येते. बौद्ध मताच्या टीकाकारांना हे आयतेच कोलीत मिळाले. पुढे 'फूथू' हा शब्द स्तूप किंवा मनोरा या अर्थाने उरला. एका माणसाचा जीव वाचविणे हे सात मजली 'फूथू' उभारण्यापेक्षा श्रेष्ठ, अशी चिनी म्हण आजही बोलण्यात येते.

मग हे सात रेघांचे अक्षर कोठून आले? रूढ समजूत अशी होती, की 'बुद्ध'साठी आधी 'फो-थुओ' ही दोन अक्षरे योजली गेली आणि पुढे तोंडी लावण्याच्या सोयीसाठी दुसरे गळून 'फो' एवढेच राहिले. या समजुतीला धक्का दिला जी श्येनलिन या चिनी संस्कृत पंडिताने. जर्मनीतील ग्योटिंगन येथे संस्कृतबरोबर तोखारी भाषा शिकलेल्या या विद्वानाने १९४७ मध्ये 'फूथू' आणि 'फो' यांवर एक निबंध लिहिला आणि त्याच विषयाकडे ते १९९० मध्ये पुन्हा वळले. त्यांचे म्हणणे थोडक्यात असे : एकाक्षरी 'फो' आधीचा, दोन अक्षरांचा 'फो-थुओ' नंतरचा. बौद्ध मत चीनमध्ये थेट भारतातून न जाता मध्य आशियाच्या वाळवंटी नगरांतून गेले आणि तेथील भाषांत 'बुद्ध'मधला शेवटचा स्वर आधीच गळालेला होता. कुचा, तुर्फान भागांतील तोखारी भाषेत 'पुद' किंवा 'पत' अशी रूपे सापडतात, व्यापाऱ्यांच्या सोग्दी भाषेत 'बुत' सापडते. चिनी लेखकाने 'बुत' ऐकले आणि 'बुत' लिहिले. याउलट जुन्या 'फूथू'चे नाते त्यांनी बॅक्ट्रियाकडच्या भाषेशी जोडले. कनिष्काच्या नाण्यांवर बुद्धमूर्तीशेजारी ग्रीक लिपीत 'बोद्दो' असे कोरलेले आहे, ते येथे आठवावे.

जी श्येनलिन यांनी सांस्कृतिक क्रांतीच्या धामधुमीत वाल्मीकी रामायण चिनीत आणले. २००८ मध्ये भारत सरकारने त्यांना पद्मभूषण दिले आणि पुढच्याच वर्षी त्यांचे निधन झाले. त्यांच्या मताचे सर्व तपशील सगळ्यांनाच मान्य आहेत असे नाही. पण 'फो' हा मध्य आशियाच्या वाटेने आला, हा मुद्दा पटण्याजोगा आहे. याच वाटेवरून हा शब्द पश्चिमेकडेही गेला. फारसीत मूर्तीला 'बुत' म्हणतात. आपल्या इतिहासाच्या पुस्तकांतील 'बुतपरस्ती' आणि 'बुतशिकन' या शब्दांत भगवान बुद्धांचेच नाव दडलेले आहे.

'ब'चा 'फ' कसा झाला

चिनी लिपी आवाज लिहीत नाही, मग हजार वर्षांपूर्वीचा उच्चार कळतो कसा? याची साधने बरीच आहेत. इसवी सन ६०१ मध्ये लु फायेन याने यमकांचा एक कोश तयार केला. या परंपरेतील कोशांत प्रत्येक अक्षराचा उच्चार दोन सोप्या अक्षरांनी सांगितलेला असतो. पहिल्याचा आरंभ घ्यायचा, दुसऱ्याचा शेवट घ्यायचा, की उच्चार तयार. त्याच्या जोडीला संस्कृत नावांची हजारो चिनी लिप्यंतरे आहेत. मूळ संस्कृत आपल्याला ठाऊक असल्याने चिनी अक्षराचा त्या काळचा आवाज उलट्या दिशेने शोधता येतो. या सर्व पुराव्यांवरून आपल्या अक्षराचा मध्ययुगीन उच्चार 'ब्युत'च्या जवळपास होता, असे अभ्यासक मानतात. 'थुओ' या अक्षराचा उच्चार तेव्हा 'दा' होता. म्हणजे आजचे 'फो-थुओ' त्या काळी 'बुत-दा' होते. 'बुद्ध'च्या याहून जवळ जाणे कोणत्या परक्या भाषेला साधले असते?

छ्येन ताशिन या अठराव्या शतकातील पंडिताने दाखवून दिले होते, की प्राचीन चिनीत 'फ'सारखे, खालचा ओठ वरच्या दातांना लावून काढायचे आवाज नव्हतेच. जे होते ते 'प' आणि 'ब'च्या घरचे. थांग राजवटीच्या काळात विशिष्ट स्वरांपूर्वीचे हे ओष्ठ्य वर्ण हळूहळू 'फ'कडे झुकले. त्यानंतर उत्तरेकडे शब्दाच्या शेवटचे तुटक 'प', 'त', 'क' झिजले. १३२४ मध्ये चौ तछिंग याने उत्तरेकडील नाट्यगीतांसाठी यमककोश केला, तोवर हे शेवटचे आवाज तेथील बोलीतून गेलेले होते. 'बुत'चे 'फुत' आणि 'फुत'चे 'फो' झाले ते असे.

दक्षिणेकडे मात्र सगळ्यांनी हा बदल सारखा स्वीकारला नाही. कँटनच्या बोलीने 'ब' सोडला, पण शेवटचा 'त' राखला. म्हणून ग्वांगतुंग प्रांतातील ज्या शहराला आजचे नकाशे 'फोशान' म्हणतात, ते जुन्या इंग्रजी नकाशांत 'फतशान' आहे. दोन्हींचा अर्थ 'बुद्धाचा डोंगर'. फूच्येन प्रांत आणि तैवानमधील बोली याहूनही हट्टी. ती मुख्य प्रवाहातून इतकी लवकर वेगळी झाली, की 'फ' तिच्यात शिरलाच नाही. घरगुती बोलण्यातला 'पुत' हा तिचा जुना ठेवा आहे. पुढे पोथ्या वाचण्यासाठी उत्तरेचा उच्चार शिकावा लागला, तेव्हा 'फ' येत नसल्याने तिने त्या जागी 'ह' घातला. त्यातून 'हुत' आला.

लिप्यंतराच्या या साधनाचा एक नमुना तर आपल्या घरचाच आहे. ह्युएन त्संग इसवी सन ६४१च्या सुमारास चालुक्य राजा दुसरा पुलकेशी याच्या राज्यात आला होता. त्याने या देशाचे नाव चार अक्षरांत लिहिले. आजच्या चिनीत ती अक्षरे 'मो-ह-ला-चा' अशी वाचली जातात आणि त्यावरून त्याने काय ऐकले असेल, ते कळत नाही. पण त्याच्या काळच्या उच्चाराने वाचली तर 'मा-हा-लात-ठा' असे काहीसे ऐकू येते. चिनीत 'र' नव्हता, त्याची जागा 'ल'ने भरली. त्या पलीकडे प्राकृतातील 'महारट्ठ' स्पष्ट ओळखू येतो.

नाव बदलण्याची राजाज्ञा

परका शब्द आवाजासकट ठेवायचा की त्याचा अर्थ सांगायचा, हा वाद चिनी अनुवादकांनी शतकानुशतके घातला. 'बुद्ध' म्हणजे 'जागा झालेला'. त्याला 'चुए' असा नेमका चिनी प्रतिशब्द होता आणि स्पष्टीकरणासाठी तो वापरलाही जाई. पण नाव म्हणून टिकले ते आवाजाचेच रूप. कोणते शब्द भाषांतरित करू नयेत, याचे पाच नियम ह्युएन त्संगच्या नावावर सांगितले जातात. त्यांत गूढ मंत्रांचे शब्द आहेत, अनेकार्थी शब्द आहेत, आणि ज्यांचे भाषांतर केल्याने आदर उणावेल असेही शब्द आहेत.

हा वाद केवळ पंडितांच्या बैठकीत राहिला नाही. सुंग वंशाचा सम्राट ह्वेइत्सुंग ताओ मताचा कट्टर अनुयायी होता. १११९ मध्ये त्याने फर्मान काढले, की यापुढे बुद्धाला 'फो' म्हणायचे नाही; 'महाजागृत सुवर्ण सिद्ध' अशा अर्थाच्या ताओ धाटणीच्या पदवीने संबोधायचे. भिक्षूंचे नामाभिधान बदलले, वेष बदलला, विहारांच्या पाट्या बदलल्या. नव्या नावाचा अर्थ वाईट नव्हता, उलट 'बुद्ध' या शब्दाच्या मूळ अर्थाला तो धरूनच होता. पण त्यात परदेशाचा मागमूस उरत नव्हता आणि सम्राटाला नेमके तेच हवे होते. हे फर्मान वर्षभरातच, ११२० मध्ये, मागे घ्यावे लागले. 'फो' हे नाव परत आले.

कोरियातील 'बुल' आणि 'बुछॉ'

बौद्ध मत कोरियात पोहोचले ते इसवी सन ३७२ मध्ये. चिनी अक्षरांबरोबर त्यांचे जुने उच्चारही गेले आणि कोरियन जिभेने त्यांना स्वतःचे वळण दिले. चिनी शब्दांच्या शेवटी येणारा 'त' कोरियनमध्ये नियमाने 'ल' होतो. म्हणून 'बुत'चा 'बुल' झाला. ग्यॉंगजू येथील आठव्या शतकातील प्रसिद्ध विहाराचे नाव 'बुलगुक्सा', म्हणजे बुद्धराज्याचा विहार. बोधिधर्माला चीनमध्ये 'तामो', जपानमध्ये 'दारुमा' आणि कोरियात 'दालमा' म्हणतात, त्यामागेही हेच सूत्र आहे.

पंधराव्या शतकात राजा सेजोंग याने 'हंगुल' ही कोरियन वर्णमाला सिद्ध करून १४४६ मध्ये जाहीर केली. आपल्या लोकांनी 'त'चा 'ल' करून टाकला, याची त्याच्या दरबारातील पंडितांना खंत होती. अक्षरांचे 'शुद्ध' उच्चार ठरवून देणारा एक कोश त्यांनी केला आणि त्यात 'ल'च्या पुढे श्वास तोडण्याचे एक चिन्ह जोडून 'त'ची आठवण राखण्याचा प्रयत्न केला. लोकांनी त्याकडे लक्ष दिले नाही. राणी सोहॉन १४४६ मध्येच वारली. तिच्या स्मरणार्थ राजपुत्र सुयांग याने १४४७ मध्ये बुद्धचरित्र रचले. हंगुलमधील अगदी पहिल्या ग्रंथांत त्याची गणना होते. त्यात बुद्धाला 'बुथ्यॉ' म्हटले आहे. हाच शब्द झिजून आजचा 'बुछॉ' झाला आणि आदराने बोलताना 'बुछॉनिम' होतो. दक्षिण कोरियात बुद्धजयंतीच्या सुटीचे सरकारी नाव पूर्वी चिनी धाटणीचे, 'शाक्यजन्मदिन' अशा अर्थाचे होते. २०१७ मध्ये सरकारने ते बदलून 'बुछॉनिम ओशिन नाल', म्हणजे 'बुद्धांच्या आगमनाचा दिवस' असे केले.

जपान : एक अक्षर, तीन आवाज

जपानी भाषेत चिनी अक्षर कधीच एका उच्चारावर भागत नाही. सहाव्या शतकात बौद्ध मत कोरियामार्गे आले, तेव्हाच्या उच्चारांचा एक थर आहे. पुढे थांग राजधानीतून परतलेल्या विद्यार्थ्यांनी आणलेला दुसरा. आपल्या अक्षराचा पहिल्या थरातील उच्चार 'बुत्सु' आणि दुसऱ्या थरातील 'फुत्सु'. पहिल्यात 'ब' शाबूत आहे, दुसऱ्यात तो हरवला आहे. शेवटच्या 'त'ला टेकू म्हणून जपानीने 'उ' जोडला. धर्माच्या व्यवहारात जुना थर टिकला, म्हणून नारा येथील ७५२ मध्ये प्रतिष्ठापना झालेल्या भव्य मूर्तीला 'दाइबुत्सु' म्हणतात. 'फुत्सु' मात्र भलत्याच कामाला लागला. जपानीत फ्रान्सचे नाव चिनी अक्षरांनी लिहिताना पहिले अक्षर हेच घेतले गेले आणि संक्षेपाने ते अक्षर म्हणजे फ्रान्स असेही ठरले. त्यामुळे 'बुद्ध' आणि 'भाषा' ही दोन अक्षरे शेजारी आली तर ती 'बुत्सुगो' अशी वाचल्यास बौद्ध परिभाषा आणि 'फुत्सुगो' अशी वाचल्यास फ्रेंच भाषा असा अर्थ होतो. कोणते वाचायचे, ते संदर्भावर.

तिसरा उच्चार 'होतोके' हा देशी मानला जातो. त्याच्या पहिल्या भागात 'फूथू' किंवा कोरियन 'बुथ्यॉ'चे रूप असावे, असे अनेकांना वाटते. शेवटच्या 'के'बद्दल मात्र एकमत नाही. जपानीतील आजचा 'ह' प्राचीन काळी 'प' होता, म्हणजे हा शब्द मुळात 'पोतोके' होता, हे येथे ध्यानात घ्यायला हवे. 'होतोके' म्हणजे बुद्ध, तसेच मृत व्यक्तीही. जपानी गुप्तहेर मालिकांतील पोलीस एखाद्या मृतदेहाला 'होतोके-सान' म्हणतात, तेव्हा त्यात थट्टा नसते.

जपानने अक्षराचे रूपही बदलले. दुसऱ्या महायुद्धानंतरच्या लिपीसुधारणेत उजव्या बाजूचा पाच रेघांचा घटक जाऊन दोन रेघांचे जुने लघुरूप आले. सातच्या चार रेघा झाल्या. अक्षरे सोपी करण्यासाठी प्रसिद्ध असलेल्या साम्यवादी चीनने हे अक्षर मात्र जसेच्या तसे ठेवले.

व्हिएतनामचा 'बुत'

व्हिएतनामीत या अक्षराचे दोन वारस आहेत. 'फत' हा विद्वानांचा, ग्रंथांतला शब्द; तो थांग काळातील उच्चारावरून आला, तेव्हा 'ब'चे 'फ'कडे जाणे सुरू झाले होते. त्याहून जुना 'बुत'. उत्तर व्हिएतनाममधील लुय लाउ हे इसवी सनाच्या सुरुवातीच्या शतकांत समुद्रमार्गे आलेल्या बौद्ध मताचे केंद्र होते आणि 'बुत' त्या काळचा असावा. हा शब्द भूमीशी इतका एकरूप झाला, की लोककथांत 'बुत' म्हणजे पांढऱ्या दाढीचा कनवाळू आजोबा. सावत्र आईच्या छळाला कंटाळून रडणाऱ्या ताम नावाच्या मुलीपुढे तो प्रकट होतो आणि का रडतेस, असे विचारतो. घरच्या देवळातला 'बुत' पावत नाही, अशी त्यांची एक म्हण आहे. आपल्या 'पिकते तेथे विकत नाही'ची ती सख्खी बहीण शोभावी. २०२२ मध्ये दिवंगत झालेले भिक्षू थिक न्यात हान्ह आपल्या व्हिएतनामी लेखनात 'फत' टाळून आवर्जून 'बुत' लिहीत.

चीनमध्येही हे अक्षर केवळ देवळात बसलेले नाही. आयत्या वेळी धावपळ करणाऱ्याला 'ऐन वेळी बुद्धाचे पाय धरणारा' म्हणतात. फूचौ शहरातील एका मांसाहारी पक्वान्नाचे नाव 'बुद्ध भिंत ओलांडून येतो', कारण त्याचा वास आला की विरक्तालाही राहवत नाही. २०१७च्या अखेरीस चिनी तरुणांत 'फोशी' हा शब्द पसरला. बढती मिळो न मिळो, कशाचीच ओढ न बाळगणाऱ्या पिढीने स्वतःला दिलेले हे नाव, आणि त्याचा उगम जपानी नियतकालिकांतील अशाच एका शब्दात होता.

या अक्षराशी महाराष्ट्राचा संबंध ह्युएन त्संगवर संपत नाही. फर्ग्युसन महाविद्यालयातील पालीचे प्राध्यापक पु. वि. बापट चिनी भाषा शिकले होते. मूळ पाली ग्रंथ हाती नसलेल्या 'विमुत्तिमग्ग'ची त्यांनी चिनी अनुवादावरून 'विसुद्धिमग्ग'शी तुलना केली, ती १९३७ मध्ये प्रसिद्ध झाली. पुढे तोक्यो विद्यापीठाचे आकिरा हिराकावा यांच्यासमवेत त्यांनी विनयाच्या पाली टीकेच्या एका चिनी रूपाचे इंग्रजी भाषांतर केले. मूळ चिनी अनुवाद इसवी सन ४८९च्या सुमारास कँटनमध्ये झालेला होता, आणि तो करणारा भिक्षू संघभद्र याच्या कानी हे अक्षर 'बुत'च्या जवळपासच पडत असणार. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन संस्थेने हा ग्रंथ १९७० मध्ये प्रकाशित केला.